स्टँड स्वस्तातला चालेल, ट्रेलरचं कपलिंग नको

गेल्या अंकात मी घरच्या घरी चेन साफ करणं आणि गीअर लावणं यावर लिहिलं होतं, त्यात जाता जाता एक ओळ टाकली होती की सायकल जमिनीपासून वर धरणारा रिपेअर स्टँड असला तर अर्धं काम सोपं होतं. त्या एका ओळीवरच एवढे मेसेज आले की बाकीचा लेख कुणी वाचला की नाही असं वाटायला लागलं. दुसरा गठ्ठा परदेशातल्या आपल्या आईबाबांचा, मुलांना मागे बसवून ओढायचा ट्रेलर कुठला घ्यावा म्हणून. मी स्वतः जर्मनीत चार वर्षं असा ट्रेलर ओढलाय, लेक त्यात बसूनच पाळणाघरात जायची, त्यामुळे या विषयावर मला थोडं जास्तच बोलायचं असतं, सांभाळून घ्या. सगळ्यांना उत्तरं देता येणार नाहीत, निवडक घेतोय.

प्रश्न : दादा नमस्कार, घरात तीन सायकली आहेत, माझी हायब्रिड, बायकोची साधी गीअरवाली आणि मुलाची. आत्तापर्यंत सायकल उलटी करून हँडल-सीटवर उभी करतो आणि काम करतो. पाच-सहा हजारात स्टँड मिळेल का, आणि खरंच लागतो का? माझ्या सायकलला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आहेत. (नाशिक)

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो. सायकल उलटी करण्यात काही पाप नाही, आपल्या पंक्चरवाल्यांनी आयुष्यभर तेच केलंय आणि उत्तम केलंय. पंक्चर काढायचं, चाक काढून लावायचं, एवढंच असेल तर उलटी करा, फक्त खाली जुनं गोणपाट टाका म्हणजे सीट आणि ग्रिप खरवडत नाहीत. अडचण गीअर लावताना येते. सायकल उलटी असली की सगळंच उलटं दिसतं, शिफ्टर खाली जमिनीला टेकलेला असतो आणि तुम्हाला एका हाताने पॅडल फिरवत दुसऱ्या हाताने शिफ्टर दाबायचा असतो, ते वाकून वाकून करताना कंबरेचं भजं होतं. हायड्रॉलिक ब्रेकचं म्हणाल तर लिव्हरमधल्या तेलाच्या टाकीत थोडी जरी हवा राहिली असेल तर उलटं केल्यावर ती नळीत सरकते आणि सरळ केल्यावर ब्रेक स्पंजसारखा लागतो. घाबरू नका, लिव्हर दहा-वीस वेळा दाबा, बहुतेक वेळा परत जागेवर येतो, पण नाही आला तर ब्लीड करून, म्हणजे आतली हवा काढून, घेतल्याशिवाय रस्त्यावर काढू नका.

आता स्टँड. तुमच्या बजेटमध्ये दोन जातीचे येतात. एक म्हणजे मागच्या चाकाजवळ फ्रेमच्या दोन नळ्यांना अडकवायचा, हुकवाला. सगळ्यात स्वस्त हाच, मागचं चाक जमिनीपासून चार बोटं वर उचलतो आणि बस. चेनला तेल, गीअर ट्यूनिंग, मागचा ब्रेक, रिमचा आउट, म्हणजे वाकडेपणा, किती आहे ते बघणं, एवढं सगळं त्यावर होतं. घरी महिन्यातून एकदा काम करणाऱ्या माणसाला मी खरं तर हाच आधी घ्या म्हणतो. सायकल धुवायला, पुढचं चाक काढायला तो कामाचा नाही, आणि तुम्हाला खाली बसूनच काम करावं लागेल.

दुसरा म्हणजे पाय उघडून उभा राहणारा, वर जबडा असलेला क्लॅम्पवाला. यात पैसे कुठे जातात ते समजून घ्या. पायांत नाही जात, जबड्यात जातात. माझा पहिला स्टँड ऑनलाइन सेलमधला होता, नाव सांगत नाही, दिसायला एकदम दणकट, सोबत टूल ठेवायला चुंबकाचा ट्रे पण होता. दुसऱ्याच रविवारी मी मागचा गीअर लावत होतो आणि जबडा ज्या खिट्टीवर फिरतो ती खिट्टी घसरली, सायकल क्लॅम्पमध्येच गर्रकन फिरली आणि पुढचं चाक खाली येऊन फरशीवर आपटलं. पकड सुटली नव्हती, फिरणं सुटलं होतं. तेव्हापासून मी स्टँड बघायला गेलो की पहिल्यांदा जबड्याच्या मागे बघतो, तिथे दोन चकत्या एकमेकांवर नुसत्या घासून घट्ट होणाऱ्या आहेत की दात असलेल्या, एकमेकांत बसणाऱ्या. दातवाल्या घ्या. सायकलचं पुढचं टोक जड असतं, ते सतत खाली यायला बघतं, नुसत्या घर्षणावर स्वस्तातला स्टँड फार दिवस धरत नाही.

मग रबर बघा, जबड्यातलं रबर स्क्रूने बसवलेलं असावं, चिकटवलेलं सहा महिन्यात निघून येतं. जबडा किती उघडतो ते बघा, सीटपोस्ट साधारण २५.४, २७.२, ३०.९, ३१.६ मिलिमीटर अशा मापांचे असतात, तीन सायकली म्हणजे तीन मापं असू शकतात. पायांचे सांधे प्लॅस्टिकचे असतील तर सोडून द्या. वजनाची मर्यादा जी लिहिलेली असेल तिच्या अर्ध्यावरच तुमची सायकल असली पाहिजे असं मी धरून चालतो, म्हणजे तीस किलो लिहिलं असेल तर पंधराची सायकल निवांत. उंची अशी की पॅडल फिरतं ती जागा तुमच्या बेंबीच्या आसपास यावी. ट्रे वगैरे बघू नका, ताटली घेतली तरी चालते.

निळ्या रंगाचे पार्क टूलचे स्टँड सगळ्यांना हवे असतात, मिनेसोटातली ही कंपनी १९६३ पासून हेच करतेय आणि माल खरोखर चांगला आहे, पण घरगुती मॉडेलसुद्धा अमेरिकेतच महाग पडतं, इकडे येईपर्यंत त्याची किंमत तुमच्या मुलाच्या सायकलपेक्षा जास्त होईल. तीन घरगुती सायकलींसाठी गरज नाही. डिकॅथलॉनमध्ये जाऊन जे आहे ते हाताने उघडून, घट्ट करून, हलवून बघा, न बघता मागवू नका.

आणि वापरताना दोन गोष्टी. क्लॅम्प नेहमी सीटपोस्टला लावायचा, वरच्या आडव्या दांडीला नाही, अ‍ॅल्युमिनियमची दांडी मधे अगदी पातळ असते आणि जबड्याने चेपते. सीट वर ओढून जागा करावी लागते पण पोस्टवर जी मर्यादेची रेघ असते तिच्या वर जाऊ नका, आणि आधी सीटची उंची टेप चिकटवून मार्क करून ठेवा नाहीतर परत जुळवताना वैताग येतो. दुसरं, हँडल इकडेतिकडे वळत राहतं, जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून पुढचं चाक फ्रेमच्या तिरक्या नळीला बांधून टाका. पॅडल सोडवायचं काम मात्र स्टँडवर करूच नका, जोर लागतो आणि सगळं डुगडुगतं, सायकल जमिनीवर ठेवून करा, डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवून.

प्रश्न : ठाण्यात भाड्याचा वन बीएचके, भिंतीला भोक पाडायला घरमालक नको म्हणतात, घडीचा स्टँड ठेवायलाही जागा नाही. काही जुगाड? (ठाणे)

घरात झोपाळ्याच्या कड्या आहेत का बघा. जुन्या इमारतींत हॉलमध्ये असतातच, झोपाळा गेलेला असतो आणि कड्या तशाच. दोन सुती दोर घ्या, एकाचा फास सीटच्या पुढच्या टोकाखाली आणि दुसऱ्याचा हँडलच्या मधोमध, स्टेमपाशी, बस, सायकल हवेत. हलते थोडी पण गीअर लावायला काही अडचण येत नाही, मी आईकडे गेलो की असंच करतो. दोन गोष्टी बघा, कडी आधी स्वतः लटकून तपासा, आणि ब्रेकच्या केबल दोराखाली चेपत नाहीयेत ना ते बघा. पंख्याच्या हुकाला मात्र लावू नका, कृपा करून. कड्या नसतील तर वर सांगितला तो हुकवाला छोटा स्टँड, तो पलंगाखाली जातो.

प्रश्न : माझी ई-बाइक २४ किलोची आहे आणि मिस्टरांची कार्बन फ्रेमची रोड बाइक. दोन्हीसाठी एकच स्वस्त स्टँड चालेल का? (पुणे)

एकच चालेल पण स्वस्त नाही चालणार, आणि क्लॅम्पवाला तर नाहीच, असं माझं मत. ई-बाइकची बॅटरी काढली की दोन-तीन किलो कमी होतात, तरी वीसच्या पुढेच राहते, आणि ती तुम्हाला छातीपर्यंत उचलून जबड्यात धरायचीय, एका हाताने धरून दुसऱ्या हाताने घट्ट करायचंय. त्यातच पाठ जाते ताई. कार्बनला जबडा नकोच, पोस्ट कार्बनचा असेल तर तोही चेपू नका. तुम्हाला तो स्टँड बघा ज्यात पुढचं चाक काढून फोर्क अडकवतात आणि पॅडल फिरतं त्या जागेची खालची बाजू एका पाळण्यावर टेकते, फ्रेमला कुठेच चिमटा बसत नाही. ई-बाइकसाठी त्याची वजनाची मर्यादा आणि मोटरखाली पाळणा नीट बसतो का हे दुकानातच बघा. ते जमत नसेल तर ई-बाइकचं काम दुकानात द्या आणि मिस्टरांच्या सायकलपुरता घ्या.

प्रश्न : आम्ही म्युनिकला असतो, मुलगा तीन वर्षांचा, मुलगी दहा महिन्यांची. किटा (पाळणाघर) घरापासून चार किलोमीटर. गाडी घ्यायची नाहीये. दोघांना नेण्यासाठी ट्रेलर हवाय, ऑनलाइन नवीन डबल ट्रेलर दोनशे युरोच्या आत दिसतात आणि चांगल्या ब्रँडचे हजाराच्या वर. क्लाइनआन्त्साइगनवर (जुन्या वस्तूंची साइट) जुना ब्रँडेड चारशेला मिळतोय. काय करू? (म्युनिक)

चारशेचा जुना. तपासून, पण तोच.

का ते सांगतो. स्टँड घसरला तर माझी फरशी फुटली. ट्रेलर सायकलला ज्या एका जागी जोडलेला असतो तिथे काही झालं तर तुमची दोन्ही मुलं तुमच्या मागे, तुम्हाला न दिसता, रस्त्यावर सुटतात. म्हणून मी लोकांना विचारतो की त्या दोनशेवाल्यात कपलिंग दाखवा, आणि फोटोत ते कधी नीट दाखवलेलंच नसतं, नुसती हसणारी मुलं आणि रंगीत कापड. स्वस्त ट्रेलरमध्ये अजून जे वाचवतात ते म्हणजे मुलांच्या डोक्याभोवतीचा पिंजरा, पट्टे आणि तळ. तळ नुसत्या कापडाचा असतो, पाय खाली लोंबला की रस्ता लागतो. सीट एका आडव्या दांड्यावर ताणलेलं कापड असतं, दोन मुलं बसली की दोघं मधे घरंगळून एकमेकांच्या अंगावर येतात आणि चार किलोमीटर भांडत जातात. आणि हेल्मेट घातलं की मागच्या ताठ कापडामुळे डोकं पुढे ढकललं जातं, हनुवटी छातीला टेकते, लहान बाळाला तर ते अजिबात नको. चांगल्या ट्रेलरमध्ये डोक्यामागे हेल्मेटसाठी खोलगट जागा सोडलेली असते. नवीन घेतलात तर युरोपचं ई.एन. १५९१८ हे मानक त्यावर लिहिलेलं आहे का ते बघा, हे खास सायकल ट्रेलरसाठीचं आहे.

आता जुना बघायला जाल तेव्हा काय करायचं. दिवसाउजेडी जा आणि आपली सायकल घेऊन जा. पहिल्यांदा दांडी जिथे सायकलला जोडते तिथे खाली बसा. काही ट्रेलरमध्ये तिथे रबरासारखा लवचिक तुकडा असतो, काहींत गोळा आणि वाटी. लवचिक तुकडा दोन्ही हातांनी वाकवा आणि वाकलेला असतानाच त्यावरून अंगठा फिरवा, सरळ असताना जी चीर दिसत नाही ती वाकवल्यावर उघडते, केसाएवढी असली तरी तो तुकडा बाद. गोळा-वाटी असेल तर जोडून खेचून बघा, खडखड होता कामा नये. बरं, हे तुकडे नामांकित कंपन्यांचे सुटे मिळतात, बदलता येतात, जुना ब्रँडेड घेण्यातला खरा फायदा तो आहे, दोनशेवाल्याचं कपलिंग तुटलं की आख्खा ट्रेलर कचऱ्यात. कपलिंगशिवाय एक वेगळा सुरक्षा पट्टा असतो, तो सायकलच्या फ्रेमभोवती घेऊन परत अडकवायचा असतो, बऱ्याच जुन्या ट्रेलरांचा तो हरवलेला असतो, विचारा.

मग घडीचे सांधे उघडून बंद करून बघा, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीला वेल्डजवळ बारीक भेग आहे का, चाकं पिन दाबून काढून परत लावून बघा. कापड उन्हाने विटलेलं असेल तर बोटाने जोरात दाबा, कच्चं झालं असेल तर कुरकुरतं. पट्ट्यांची बकलं स्वतः दहा वेळा लावा-काढा, त्यात बिस्किटाचा चुरा अडकलेला असतो, तो धुवून जातो, पण दात झिजलेलं बकल घेऊ नका. आणि सरळ विचारा, कधी उलटलाय का, गाडीने ठोकलाय का. लोक बहुतेक खरं सांगतात, आईवडीलच असतात शेवटी. वय ओळखायची एक खूण, थुले या ट्रेलरवाल्या ब्रँडने कॅनडाची चॅरियट कंपनी २०११ मध्ये विकत घेतली, त्यामुळे ट्रेलरवर थुले कुठेच नसून नुसतं चॅरियट लिहिलं असेल तर तो चांगलाच जुना आहे, त्याला चारशे देऊ नका. क्रूझर या ब्रँडचे जुनेही तिकडे भरपूर मिळतात, भागही मिळतात.

वजनाचं नीट वाचा, काही मॅन्युअलमध्ये मुलं आणि सामान मिळून किती ते दिलेलं असतं, काहींत ट्रेलरसकट एकूण, यात लोक फसतात. सामान मागच्या कप्प्यात जास्त कोंबू नका, मागे जड झालं की पुढची दांडी वर उचलते आणि सायकलचं मागचं चाक हलकं होतं, ओल्या रस्त्यावर ते फार वाईट.

कायद्याचं तुम्हाला माहीत असेल पण आजीआजोबा आले की उपयोगी, जर्मनीत ट्रेलरमध्ये जास्तीत जास्त दोन मुलं, सात वर्षं पूर्ण होईपर्यंतची, आणि ओढणारा किमान सोळा वर्षांचा. मागे लाल दिवा लावाच, ऐन हिवाळ्यात सकाळी आठला तिथे जेमतेम उजाडतं, आणि झेंडा काढून ठेवू नका. गाडीवाल्याला ट्रेलर दिसत नाही, झेंडा दिसतो.

आता मुलीचं. कंपन्या बाळासाठी आत टांगायची झोळी विकतात आणि तिकडे खूप जण वापरतात, पण अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत सायकलवर मूल नेऊच नका म्हणतात, मानेची ताकद हे कारण. मी आमच्या लेकीला वर्षाची झाल्यावर, तिच्या डॉक्टरांना विचारून बसवलं. तुमचे दोनच महिने राहिलेत. तोपर्यंत पुढे छोटं चाक लावून तोच ट्रेलर बाबागाडीसारखा ढकला, मुलाला सवय होईल, तुम्हालाही त्याची रुंदी कळेल. आणि टायरमध्ये कमाल आकड्याएवढी हवा भरू नका, दोन मुलं हलकी असतात, टणक टायरवर म्युनिकच्या दगडी रस्त्यांवरून नेलं तर त्यांची हाडं खिळखिळी होतात. टायरवर जी कमीत कमी मर्यादा लिहिलेली असते तिच्या थोडं वर ठेवा. आमची तर झोपायची, पाचव्या मिनिटाला, एका हातात टोपी घट्ट धरून, आणि किटाच्या दारात उठवायला जिवावर यायचं.

प्रश्न : मी ६६ वर्षांचा, मुलाकडे एडिसनला सहा महिने आलोय. तरुणपणी रोज सायकल चालवली आहे. नातू अडीच वर्षांचा, मुलाने ट्रेलर आणलाय पण सायकलच्या मागच्या चाकाला तो बसत नाहीये, आरपार जाड दांडा आहे म्हणतो. आणि मी ओढू शकेन का? (न्यू जर्सी)

काका, ओढाल की. आधी दांड्याचं. तुमच्या मुलाच्या सायकलला थ्रू अ‍ॅक्सल आहे, ट्रेलरसोबत जोडायची जी चकती येते ती जुन्या क्विक रिलीजसाठीची, म्हणजे खटक्याने सुटणाऱ्या बारीक दांड्यासाठीची असते. त्याला तो दांडा काढून बघायला सांगा, त्यावर १२ बाय १४२ किंवा १२ बाय १४८ असं काहीतरी कोरलेलं असतं, आणि आट्यांचं माप १.०, १.५ किंवा १.७५ असं. ही सगळी मापं जुळणारा, ट्रेलरसाठी थोडा जास्त लांब बनवलेला दांडा वेगळा मिळतो, तो घ्या. आट्याचं माप जुळत नसताना दोन वेढे बसतायत म्हणून जोर करून फिरवलं तर फ्रेमचेच आटे जातात. सीटपोस्टला अडकवायचं कपलिंग कुणी सुचवलं तर नको म्हणा, दांडी जितकी उंच तितका ट्रेलर वळणावर जास्त कलतो. सायकल कार्बनची असेल तर कंपनीची परवानगी आहे का ते मॅन्युअलमध्ये बघायला सांगा, बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात.

ओढण्याचं असं आहे की सपाटीवर काही कळत नाही, सुरू करताना आणि चढावर कळतं, आणि सगळ्यात जास्त थांबताना. मागून ढकलल्यासारखं होतं. म्हणून पहिले दोन दिवस नातवाच्या जागी तांदळाची वीस पौंडी पिशवी पट्ट्याने बांधून सोसायटीतच फिरा. वळण मोठं घ्या, ट्रेलरचं आतलं चाक तुमच्या चाकापेक्षा आतून जातं, तेच फुटपाथच्या कडेवर चढलं की ट्रेलर उलटतो, ट्रेलर उलटण्याचं नेहमीचं कारण हेच. आमच्या मॅन्युअलमध्ये सरळ रस्त्यावर ताशी २५ किलोमीटरच्या वर जाऊ नका असं होतं, वळणावर तर चालण्याच्या वेगाने. एक दिलासा, चांगलं कपलिंग असेल तर तुमची सायकल आडवी पडली तरी ट्रेलर उभाच राहतो, पाठीमागच्या सीटवर मूल असतं तेव्हा ते तुमच्याबरोबर पडतं.

न्यू जर्सीत सतरा वर्षांखालच्यांना हेल्मेट सक्तीचं आहे, ट्रेलरमध्ये बसलेल्यालाही, तेव्हा नातवाला घाला आणि तुम्हीही घाला, तो तुमचं बघूनच घालेल. मोठ्या रस्त्याला नका जाऊ, गाडीत ट्रेलर टाकून डेलावेअर अँड रॅरिटन कालव्याच्या काठची वाट आहे तिथे जा, सपाट, झाडी, पाण्यात कासवं बसलेली दिसतात. नातू खूश होईल.

प्रश्न : पुण्यात असे ट्रेलर फारसे मिळत नाहीत. आमच्या इथला फॅब्रिकेशनवाला सायकलची दोन चाकं आणि पाइप वापरून सहा हजारात बनवून देतो म्हणतोय. चार वर्षांच्या मुलीला शाळेत सोडायला. घ्यावा का? (पुणे)

नको. फॅब्रिकेशनवाल्याच्या हाताबद्दल मला शंका नाही, तो गेट उत्तम बनवत असेल. पण गेट जागेवर उभं असतं, आणि ट्रेलरची दांडी प्रत्येक खड्ड्यात वर-खाली आणि डावी-उजवी पिळली जाते, रोज हजारो वेळा, वेल्ड तिथेच हळूहळू चिरतो आणि वरून रंग असल्यामुळे दिसत नाही. शिवाय लवचिक सांधा तो कुठून आणणार, तो दोन रिंगा एकमेकांत घालून बोल्ट मारणार. भाजी आणायला, कुंड्या न्यायला बनवून घ्या, मी स्वतः बघायला येईन. मुलीसाठी नको.

आणि खरं सांगायचं तर पुण्याच्या रस्त्यावर शाळेच्या वेळेला मी परदेशी ट्रेलरही काढणार नाही. स्पीडब्रेकर तर आहेतच, पण ट्रेलर बंपरच्या उंचीवर असतो, मागून येणाऱ्या बसवाल्याला आणि टँकरवाल्याला तो दिसतच नाही, आणि आपल्याकडे दोन गाड्यांच्या मधे फट दिसली की दुचाकी घुसते, तुमच्या आणि ट्रेलरच्या मधल्या दांडीवरूनसुद्धा घुसायला बघेल. विद्यापीठाच्या आवारात, मोठ्या टाउनशिपच्या आतल्या रस्त्यावर, रविवारी सकाळी, तिथे चालेल.

शाळेसाठी तुमच्या सायकलवर मुलांची सीट बसवा, पाठ, पट्टा आणि पाय ठेवायला खोलगट जागा असलेली. आमच्या बाबांनी मला दांडीला टॉवेल गुंडाळून डबलसीट नेलं, कॅरिअरवर बसवून नेलं, आणि एकदा शनिवारवाड्याजवळ माझी टाच चाकात गेली. खूण अजून आहे. बाबा त्या दिवशी मला कडेवर घेऊन, सायकल तिथेच टाकून पळत दवाखान्यात गेले होते, त्यांचा चेहरा मला टाचेपेक्षा जास्त आठवतो. म्हणून सीट कुठलीही घ्या पण मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी लावून घ्या, साडीगार्ड मिळतं ना तेच, दोन्हीकडे. त्या फॅब्रिकेशनवाल्याला हे काम द्या, तो हे झकास करेल आणि सहा हजार लागणार नाहीत.

प्रश्न : मुलगा सहाचा झाला, आता स्वतःची सायकल चालवतो. ट्रेलर विकू की ठेवू? (आइंडहोव्हन)

जागा असेल तर एक वर्ष ठेवा. सीट काढून टाकली की किराणा, कुंडीची माती, लायब्ररीची पुस्तकं, सगळं येतं, आणि लांबच्या फेरीत मुलगा दमला तर त्याची छोटी सायकल मागे टाकून घरी येता येतं, मात्र तो स्वतः परत बसणार असेल तर वजनाची आणि उंचीची मर्यादा बघा, सहा वर्षांच्या मुलाचं हेल्मेट वरच्या दांड्याला लागायला लागतं. विकायचा असेल तर वसंतात विका, मार्च-एप्रिलमध्ये मार्क्टप्लाट्सवर, तिकडच्या जुन्या वस्तूंच्या साइटवर, गिऱ्हाईक लगेच मिळतं, नोव्हेंबरमध्ये कुणी विचारत नाही. कधी उलटला असेल तर तसं लिहा. पाऊसकव्हर, झेंडा, सुरक्षा पट्टा, चाकाला लावायची चकती, मॅन्युअल, हे आधी शोधून एका पिशवीत घालून ट्रेलरच्या आतच बांधून द्या, पट्टा तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिला तर पुढच्या घरातलं मूल त्याच्याशिवाय बसतं.